नऊ इंची भिंतीपल्याडचं नेट

त्या आठवड्यात मी चार वेळा मेले आणि चारही वेळा चूक माझी नव्हती. चूक नेटची होती. पण नांदेडला बसलेल्या माझ्या नातीला ते पटत नव्हतं.

"आज्जी, तू परत अडकलीस," ती कानातल्या बोंडातून म्हणाली. "मी तिथं तुझी वाट बघत मेले."

"मी कुठं अडकले? मी पळतच होते. माझ्या पडद्यावर मी तुझ्याजवळ पोचले पण होते."

"तुझ्या पडद्यावर. आमच्या पडद्यावर तू भिंतीला तोंड लावून उभी होतीस."

तिच्या शेजारची मैत्रीण, जिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे आणि जी मला दादी म्हणते, ती मध्येच बोलली, "दादी, आप वहां खडे होके क्या सोच रहे थे?" दुसरी मैत्रीण नुसती हसली. तिचा मला जास्त राग आला.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. ती नांदेडला, मी लातूरला, मध्ये एसटीचे तीन तास. दिवाळीत आली तेव्हा तिनं आपला जुना टॅब मला दिला आणि हा खेळ शिकवला. चौघींची टोळी विमानातून एका बेटावर उतरते. रिकाम्या घरांत शिरून बंदुका, गोळ्या, दवापाणी गोळा करायचं. बाकीच्या टोळ्याही तेच करत असतात. मैदान हळूहळू आवळत जातं आणि शेवटी जी टोळी उभी राहते ती जिंकते. मला नेम धरता येत नाही, म्हणून माझ्याकडे दवाखान्याचं खातं. कुणी गोळी लागून पडलं की थोडा वेळ हातात असतो, तेवढ्यात तिच्यापाशी बसून तिला उठवायचं. लपून राहणं आणि कोण कुठून येतंय ते पावलांवरून ओळखणं, यात माझा हात धरणारं कुणी नाही. एकत्र कुटुंबात अकरा वर्षं धाकटी सून होते मी. सासूबाई कुठल्या दारातून येणार ते मला त्या उठायच्या आधी कळायचं.

पण हे कौशल्य घेऊन करायचं काय, जर ऐन वेळी पडद्यावर सगळं थिजत असेल. मी बटण दाबते, काही होत नाही. पुन्हा दाबते. मग एकदम तीन सेकंदांचं सगळं एका झटक्यात घडतं आणि त्यात मी मेलेली असते.

तर झालं असं, की मे महिन्यात नांदेडच्या एका मोबाइल दुकानदारानं या खेळाची स्पर्धा लावली. घरबसल्या खेळायची, रविवारी चार वाजता, चौघांची नावं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायची. सोमवारी नातीनं मला सरळ सांगितलं.

"आज्जी, शुक्रवारपर्यंत नेटचं काहीतरी कर. नाहीतर मला आतेभावाला घ्यावं लागंल."

"त्या उदगीरच्या शेंबड्याला?"

"तो शेंबडा न्हाई आता. आणि त्याच्याकडं वायर आहे."

वायर आहे म्हणजे त्याचं नेट हवेतून येत नाही, डब्यातून निघालेली वायर थेट त्याच्या यंत्रात शिरते. एवढ्या एका वायरीवर ते पोरगं माझ्या जागेवर बसणार होतं. आणि जागा गेली तर गेलीच, कारण जून लागला की हिची बारावी सुरू. माझी लेक खेळ, मोबाइल, सगळं कपाटात घालून किल्ली कमरेला लावणार. लेकीला मी ओळखते, तिला मीच तसं केलंय.

आता आमच्या घरातलं नेट का थिजतं, ते सांगायचं तर मला माझ्या घरात राहून गेलेल्या एका बाईबद्दल सांगावं लागेल. ती बाई तिशीतली होती, लई शहाणी होती आणि दुर्दैवानं ती मीच होते.

आमच्या जिल्ह्यात तो भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरात भाड्यानं राहत होतो. आमच्या घराला भेगा पडल्या, माणसं वाचली. पण पुढं कितीतरी महिने आम्ही अंगणात पत्र्याखाली झोपलो. घराघरांत बायका फळीवर तांब्यावर तांब्या रचून ठेवायच्या, जमीन हलली की भांडी पडतील आणि जाग येईल म्हणून. मांजरानं धक्का दिला तरी सगळी गल्ली अंगणात उभी. बाकीच्या बायकांनी वर्षभरात ती उतरंड मोडली. मी नाही मोडली. एक पितळी तांब्या आणि त्यावर पालथी वाटी, एवढं माझ्या कोनाड्यातल्या फळीवर आजही आहे. विचारलं तर मी सांगते, शोभेला ठेवलंय.

पुढं आम्ही स्वतःचं घर बांधलं. यांना एसटीत कंडक्टरची नोकरी, पैसा बेताचा, पण मी हटून बसले. आतल्या भिंतीसुद्धा नऊ इंची पाहिजेत. गवंडी म्हणाला, आत चार इंची पुरते. मी म्हणाले, तुला पुरत असंल. खिडकीच्या वरून आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंतींतून सळया घालून काँक्रीटची पट्टी ओतायची, तर तो दोन सळया म्हणाला, मी चार घालायला लावल्या. रोज दुपारी छत्री घेऊन जाऊन मी सळया मोजायची. हे उदगीरचे. एक दिवस चौथरा बघून म्हणाले, "काय गं, आमच्या गावचा किल्ला हिकडं आणायलीस का?"

घर उभं राहिलं आणि त्या शहाण्या बाईनं कायदा काढला, या घराच्या भिंतीला भोक पाडायचं नाही. खिळा नाही, स्क्रू नाही, खुंटी नाही. एका भोकापासून भेग निघते आणि एका भेगेपासून घर जातं, हे तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तिनं ते स्वतःच शोधून काढलं होतं आणि स्वतःच्या शोधावर तिचा भारी विश्वास. आमच्याकडं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असतं. आरसा कपाटाच्या दाराला. यांना निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं, ते दहा वर्षं ट्रंकेवर भिंतीला टेकून उभं आहे. वेळ बघायची तर वाकून बघावी लागते. हे कधी काही बोलले नाहीत. वाकताना मात्र माझ्याकडं बघून वाकायचे.

तर वायफायचा डबा आमच्या पुढच्या खोलीत. मी खेळते मधल्या खोलीत. दोन्हींच्या मध्ये ती नऊ इंची भिंत आणि तिच्या पोटात माझ्या सळया. भूकंपाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून मी जी भिंत बांधली, तिनं भूकंप काही अडवला नाही, तो परत आलाच नाही. तिनं अडवलं ते माझं नेट.

सोप्पं आहे की, पुढच्या खोलीत बसून खेळ, असं कुणीही म्हणेल. सोमवारीच संध्याकाळी बसले. पुढच्या खोलीत हे टीव्ही लावून बातम्या बघतात, आणि संध्याकाळी सहाला यांचे एसटीतले दोस्त येतात. मी कानात बोंडं घालून, "डावीकडं हाय, डावीकडं, मार त्याला," असं म्हणायला आणि ते दोघं चपला काढून आत यायला एकच गाठ पडली. एकजण उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "वहिनी, आम्ही मागून येतो." चहा घेतानाही ते माझ्यापासून जरा लांबच बसले. एवढं करून नेट तिथंही अडकलंच. आमच्या गल्लीत आता घरमालक कमी आणि शिकवणीला आलेल्या पोरी जास्त. प्रत्येक घरावर एक मजला चढलाय, प्रत्येक मजल्यावर खोल्या, खाली मेस आणि प्रत्येक मजल्याला वेगळं वायफाय. टॅबवर यादी उघडली की एका बोटानं सरकवत बसावं लागतं. त्या सगळ्यांचं नेट एकाच हवेतून जाणार म्हटल्यावर दाटी होणारच.

मोबाइलचं नेट गच्चीवर चांगलं येतं असं कुणीतरी सांगितलं. मंगळवारी टाकीच्या सावलीत पाट टाकून बसले. साडेपाचपर्यंत खरंच चांगलं होतं. सहाला शिकवण्या सुटल्या, हजारो पोरं एकदम रस्त्यावर आली, प्रत्येकानं खिशातून मोबाइल काढून आईला फोन लावला आणि माझी टोळी विमानातच लटकून राहिली. मेच्या उन्हात तापलेली गच्ची. खाली उतरले तेव्हा पायाचे तळवे लाल. हे म्हणाले, "कुणाची गोळी लागली?"

बुधवारी सकाळी यांना गंजगोलाईच्या बाजारात पाठवलं. दुकानदारानं एक छोटा डबा दिला. भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा, म्हणे तो मोठ्या डब्याचं नेट पकडून पुढं फेकतो. खोचला. टॅबवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरल्या. मी इतकी खूश झाले की यांना चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. संध्याकाळी खेळायला बसले तर पहिल्यापेक्षा वाईट. दांड्या फुल, आणि मी भिंतीला तोंड लावून उभी.

"अहो, दुकानात परत द्या ते."

"घेत न्हाईत परत. पावतीवरच लिवलंय."

"मग घेताना वाचायचं."

"घेताना तू म्हणली, लवकर या."

शेवटी नेटवाल्याला बोलावलं. हा नेटवाला म्हणजे आमच्या गल्लीतला जुना केबलवाला. पंचवीस वर्षांपूर्वी हाच माणूस टीव्हीची केबल घेऊन आला होता, हातात ड्रिल, डोक्यावर काळे कुळकुळीत केस. तेव्हा त्या शहाण्या बाईनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. भोक नाही म्हणजे नाही. मग केबल आली ती खिडकीतून. केबल खिडकीतून आली म्हणून खिडकी बोटभर उघडी राहिली. खिडकी उघडी राहिली म्हणून डास आले, आणि पंचवीस वर्षं मी या घरात अगरबत्ती, कडुनिंबाचा धूर, मच्छरदाणी, कॉइल, सगळं करून बघितलं, पण केबल काही भिंतीतून घेतली नाही. पुढं केबल गेली आणि त्याच फटीतून नेटची वायर आली. डास तेच राहिले.

आता त्याचे केस पांढरे झालेत. त्यानं खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, तवाच म्हणलो व्हतो, एक भोक पाडू द्या म्हनून."

"ते राहू द्या. दांड्या फुल असून अडकतंय का, ते सांगा."

तो डबा सॉकेटातून उपटत म्हणाला, "दांड्या म्हंजी आवाज किती मोठा ऐकू येतो ते. तुमच्या खेळाला आवाज न्हाई लागत. तुमी हाक मारली आन पलीकडून ओ किती लवकर आली, ते लागतं. त्याला पिंग म्हंत्यात. हा डबा म्हंजी मधी उभा केलेला मानूस. तुमी त्याला सांगनार, तो पुढं सांगनार, पुढचा त्याला सांगनार, तो तुमाला. आवाज मोठा, पर ओ उशिरा."

हे मात्र मला पटलं. आमच्या घरात सासऱ्यांशी मी असंच बोलायची, सासूबाईंमार्फत. निरोप पोचायचा, पण तोवर भाजी करपायची.

"मग काय करू?"

"वायर. थेट डब्यातून तुमच्या टॅबात. टॅबला एक बारकं कनेक्टर लागंल, माझ्याकडं हाय. आन हितं एक भोक." त्यानं मधल्या भिंतीवर वर बोट ठेवलं.

"भोक सोडून सांगा."

तो यांच्याकडं बघत राहिला. हे छताकडं बघत राहिले.

भोक सोडून मग असं केलं. डब्यातून निघालेली वायर पुढच्या खिडकीच्या त्या जुन्या फटीतून बाहेर, घराच्या बाजूच्या बोळातून मागं आणि मधल्या खोलीच्या खिडकीतून आत. बोळातल्या भिंतीवर क्लिपा ठोकून वायर नीट बसवतो म्हणाला. क्लिपेला खिळा लागतो. म्हणजे तेही नाही. वायर तशीच लोंबकळत राहिली, मध्ये एका ठिकाणी विटेखाली दाबलेली. तो जाताना म्हणाला, "टिकंल तवर टिकंल."

गुरुवारी सहाला बसले आणि काय सांगू, पहिली वीस मिनिटं माझं मन भरून आलं. बटण दाबलं की काम झालंच. पडद्याच्या कोपऱ्यात तो पिंगचा आकडा हिरवा, जागचा हलत नव्हता. मी दोघींना उठवलं. एकीला तर तिच्यावर गोळ्या चालू असताना उठवलं. "दादी, क्या बात है," ती म्हणाली. नात मला कुठं जा, कुठं थांब हे सांगायची थांबली. म्हणजे तिला आता भरवसा वाटत होता. शेवटच्या पाच टोळ्या उरल्या होत्या.

लातुरात नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी, दहा दिवसांनी, कधी बारा दिवसांनी येतं, आणि कधी येईल याची खबर गल्लीत पळत येते. ती त्या संध्याकाळी आली. पाणी आलं म्हटलं की या शहरात माणूस ताटावरून उठतो, पूजेतून उठतो, वरात थांबवतो. आमचे हे टीव्हीसमोरून उठले, नळाचा पाइप ओढत बोळात गेले आणि वर्षानुवर्षं घालतात तसा तो मधल्या खोलीच्या खिडकीतून आतल्या टाकीत घालायला निघाले. खिडकीत वायर. यांनी तिच्याकडं बघितलंही नसेल. एका हातानं वायर बाजूला ओढली, दुसऱ्या हातानं पाइप सारला.

पडदा थिजला. कनेक्टर जमिनीवर. माझ्या पदरावर पाण्याची धार.

"अहो, वायर."

"पाणी आलंय."

"अहो, तिथं माझी पोरगी पडलीय."

"कुठं पडली?" हे खरंच घाबरले. त्यांना वाटलं नांदेडला काही झालं. तोवर बोंडातून तिकडचा आवाज येणं बंद झालं होतं. मोबाइलवर फोन आला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती. म्हणाली, "आज्जी, राहू दे. तू तशी चांगली खेळतेस. पण मी उद्या त्याचं नाव देते."

"उद्या किती वाजता?"

"संध्याकाळी."

"मग संध्याकाळी दे. आत्ता कशाला बोलतेस."

फोन ठेवला आणि मी त्या खोलीत बसून राहिले. यांनी टाकी भरली, पिंप भरलं, कळश्या भरल्या. मला राग नक्की कुणाचा आला होता तेच कळेना. यांचा नव्हता, पाणी आलं तर माणूस दुसरं काय करणार. नातीचा थोडा होता. त्या उदगीरच्या पोराचा बराच होता. पण खरा राग त्या तिशीतल्या बाईचा होता, जी छत्री धरून सळया मोजत उभी राहायची. तिच्या भीतीला मी नाव ठेवत नाही. तिनं जे बघितलं ते बघितलं. पण भीती संपल्यावर तिचे कायदे कोण काढणार होतं? तिनं मला ते करायला ठेवून दिलं आणि निघून गेली.

शुक्रवारी सकाळी यांची पूजा झाली, कपाळाला भस्म लावून ते बाहेर आले, तेव्हा मी म्हणाले, "त्या केबलवाल्याला फोन करा. ड्रिल घेऊन या म्हणावं."

यांनी मोबाइल काढला. मग म्हणाले, "बघ बरं. तो निघाला की तू परत पाठवशील."

"नाही पाठवत."

नेटवाला बहुतेक वाटेतच उभा होता, इतक्या लवकर आला. त्यानं ड्रिलची वायर लावली. मी आपली आत जाऊन फळीवरचा तांब्या आणि वाटी नीट केली. वाटी जरा कडेला आली होती, मधोमध पालथी घातली.

"वहिनी, ते कशाला?"

"शोभेला."

त्यानं भिंतीला वर, खिडकीच्या उंचीच्याही वर, ड्रिल लावलं. आवाज सुरू झाला. तांब्यावरची वाटी आधी नुसती किणकिणली, मग थरथरू लागली. पुढचं मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी अंगणात उभी आहे, पायात चपला नाहीत, हातात यांच्या औषधाचा डबा आहे, आणि आतून ड्रिलचा आवाज थांबलाय. दारात दोघं उभे. मेसच्या पोरींपैकी दोघी-तिघी वरून वाकून बघताहेत.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही. ऊन बघायला आले."

हे हसले नाहीत. आत जाऊन माझ्या चपला घेऊन आले आणि माझ्या पायांजवळ ठेवल्या. मग म्हणाले, "ऊन हाय तसंच हाय. चल."

पण एवढ्यावर ते संपेल तर ते माझं घर कसलं. ड्रिल चार बोटं आत गेलं आणि ठण्णकन अडलं. सळई. माझी मोजलेली सळई. त्यानं थोडं बाजूला लावलं. पुन्हा सळई. नेटवाल्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "हे घर का बंकर वो? आसं लोखंड मी पुलात बघितलं न्हाई." शेवटी पट्टी सोडून खाली, दाराच्या चौकटीजवळ तिसरं भोक घेतलं, ते पार झालं. पलीकडून उजेडाचा एक ठिपका माझ्या खोलीत आला. मी त्याला बोट लावून बघितलं. भिंत तशीच उभी होती. भेग शोधली, सापडली नाही. एवढ्या वर्षांनी मला जरासं अपमान झाल्यासारखंच वाटलं.

संध्याकाळी पाचला मी नातीला पडद्यावरच्या हिरव्या आकड्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "पाइप?" मी लिहिलं, "वायर भिंतीतून." थोड्या वेळानं उत्तर आलं, "आज्जी, तुझ्या भिंतीतून???" तिच्या आईनं घरातला कायदा तिला सांगितलेला असणार. मग लिहिलं, "बरं. तुझं नाव देते."

रविवारी चार. यांना सांगून ठेवलं होतं की टीव्ही नाही, दोस्त नाहीत, पाणी आलं तरी पाइप पुढच्या खिडकीतून. सगळ्याला हो म्हणाले. वायर भिंतीतून येऊन माझ्या मांडीवरच्या टॅबात शिरलेली, कनेक्टर मी कापडी पट्टीनं बांधून टाकलेलं. पिंग हिरवा. आम्ही चौघी उतरलो, एका शाळेच्या मागं लपलो, दोन टोळ्या आमच्यासमोर आपसात लढून संपल्या. मैदान आवळत आलं. सात टोळ्या उरल्या. नातीला गोळी लागली आणि ती एका भिंतीआड पडली.

"आज्जी, ये."

मी निघाले. आणि पलीकडच्या खोलीत धाडकन हातोडा पडला.

यांच्या डोक्यात दहा वर्षांचं घड्याळ होतं. वर ती दोन वाया गेलेली भोकं बघून त्यांना शुक्रवारपासून झोप नसणार. भोक पाडायचं नाही असं मी म्हणाले होते, पण पडलेलं भोक वापरायचं नाही असं कुठं म्हणाले होते. त्यांनी भोकात ठोकायला लाकडाची गुट्टी केली होती आणि घरात सगळं शांत आहे, म्हणजे हीच वेळ बरी, असं समजून ते स्टुलावर चढले होते. दुसरा घाव. फळीवर वाटी वाजली.

मी उठले. गुडघेसुद्धा कधी उठू देत नाहीत इतक्या चटकन उठले, टॅब हातात तसाच, दाराकडं दोन पावलं. आणि वायर ताणली गेली. बांधलेली होती म्हणून सुटली नाही. टॅबला मागं ओढ बसली, आणि टॅबबरोबर मला. वायफाय असतं तर मी अंगणात पोचून खेळले असते, किंवा खेळलेही नसते. वायरीला तेवढीच जागा होती. मी उभी राहिले. वाटी वाजत होती, पलीकडं यांचा हातोडा पडत होता, घर नेहमीसारखं उभं होतं. मी तिथंच, दोन पावलांवर, उभ्या उभ्या बटण दाबलं.

नात उठली. पण दोन-तीन सेकंद गेले होते, तेवढ्यात एका टोळीनं आम्हाला गाठलं होतं. पुढच्या मिनिटाला आम्ही चौघी आडव्या. सातवा नंबर.

"आज्जी, नेट गेलं होतं का मधी?"

जुन्या सवयीनं "हो ना गं" असं माझ्या ओठावर आलं होतं. पण कोपऱ्यात तो आकडा हिरवागार. आता नेटचं नाव घ्यायची सोय उरली नव्हती, वायर घेताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"नेट नाही. मी पळत होते."

"कुठं?"

"अंगणात."

मग ती टेलरची पोरगी हळूच म्हणाली, "दादी, असली में?"

मी त्यांना पत्रा, तांब्या आणि वाटीचं सांगितलं. थोडंसंच. छत्री आणि सळयांचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, मीही हसले. नात म्हणाली, "आईनं मला नुसतं एवढंच सांगितलं होतं की तुझ्याकडं खिळा ठोकायचा नाही."

"आता ठोकतेत. आत्ताच ठोकला एक."

"पुढच्या रविवारी परत आहे. नाव तुझंच देते," ती म्हणाली. "फक्त आजोबांना त्या वेळी भाजी आणायला पाठव."

टॅब ठेवून मी पुढच्या खोलीत गेले. हे स्टुलावरून उतरून, हात मागं बांधून उभे होते. भिंतीवर घड्याळ. डेपोच्या लोकांनी काचेवर लिहिलेलं नाव पहिल्यांदा न वाकता वाचता येत होतं.

"कसं हाय?" यांनी विचारलं.

घड्याळ वाकडं होतं. बारा जरा डावीकडं, सहा जरा उजवीकडं. सळईमुळं भोकच तिरपं गेलेलं, त्यात गुट्टी तिरपी.

"वाकडं आहे," मी म्हणाले.

"सरळ व्हईल की. बाजूला एक भोक घेतलं की झालं."

मी मान वाकडी करून वेळ बघितली. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"राहू द्या," मी म्हणाले. "अशीही दिसते वेळ."